मिनीव्हॅनचं व्ही-६ इंजिन घरी बदलणं : एका गाडीचं पूर्ण प्रकरण

पुढच्या चाकांवर चालणारी सात आसनी मिनीव्हॅन. बॉनेटखाली आडवं बसवलेलं ३.५ लिटरचं व्ही-६ पेट्रोल इंजिन, टायमिंग बेल्टचं, आणि त्याच्या एका अंगाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मीटरवर २,४०,००० किलोमीटर. तक्रार अशी की इंजिन तापल्यावर खालून ठोका येतो, १,५०० ते २,५०० आरपीएममध्ये ठळक होतो आणि अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडला की वाढतो. त्याआधी काही महिने गाडी ऑइल पीत होती, दर हजार किलोमीटरला जवळजवळ एक लिटर. वळणावर ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागून विझत होता.

हा दिवा बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.५ बारच्या दरम्यान लागतो. चालत्या गाडीत तो लागला, याचा अर्थ बेअरिंगला लागणारा दाब केव्हाच गेलेला असतो. दिवा विझला म्हणून चालवत राहणं हाच बहुतेक इंजिनांचा शेवटचा टप्पा असतो, आणि इथेही तेच झालं.

ठोका कुणाचा?

इंजिन बाद ठरवण्याआधी ठोका खरोखर कॉन रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी) जोडणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगचा आहे का, हे ठरवायला हवं. तडकलेली फ्लेक्सप्लेट, म्हणजे क्रँकच्या टोकाला असलेली आणि टॉर्क कन्व्हर्टरला (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाला) फिरवणारी पोलादी तबकडी, जवळजवळ असाच आवाज करते. रबर सुटलेली क्रँक पुलीही करते. खालचं तपासणीचं झाकण काढून फ्लेक्सप्लेटच्या बोल्टांभोवती तडे पाहायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासाच्या आळसापायी चांगली इंजिनं उतरवली गेली आहेत.

या गाडीत फ्लेक्सप्लेट शाबूत होती. मग ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी यांत्रिक गेज लावला. इंजिन तापल्यावर आयडलला ०.४ बार. सुस्थितीतल्या इंजिनात गरम आयडलला किमान ०.७ बार आणि दर १,००० आरपीएममागे साधारण ०.७ बार असा ढोबळ हिशेब धरतात. पुढची पायरी एकेका सिलिंडरच्या पेट्रोल फवारणाऱ्या नोझलचा कनेक्टर काढून ऐकण्याची. कॉइल काढण्यापेक्षा नोझल बंद करणं बरं, म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात नाही. मागच्या रांगेतल्या (व्ही-६ मध्ये तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा असतात) मधल्या सिलिंडरचा नोझल बंद केल्यावर ठोका एकदम मऊ पडला. स्फोटाचा जोर गेल्यावर ढिल्या बेअरिंगचा मार कमी होतो, म्हणून ही खूण भरवशाची.

शेवटी ऑइल फिल्टर कापून कागदी घड्या उलगडल्या. तांबूस आणि मळकट चंदेरी पापुद्रे, लोहचुंबकाला न चिकटणारे. बेअरिंगची धातू. यानंतर इंजिन पुन्हा सुरू केलं नाही, आणि करूही नये. जितकं फिरेल तितकी ती चुरी पुढे पसरते.

दुरुस्ती की दुसरं इंजिन

बेअरिंग फिरलं असेल तर क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर) ओरखडे असतातच. क्रँक घासून अंडरसाइझ बेअरिंग टाकता येतात, पण चुरी हेडमधल्या कॅमपर्यंत पोचलेली असते आणि ऑइल पिणाऱ्या रिंगा वेगळ्याच. घरच्या अंगणात मशीन शॉपचं काम होत नाही, त्यामुळे त्याच कोडचं वापरलेलं इंजिन घेणं हा इथे योग्य निर्णय होता. कोड ब्लॉकवर कोरलेला असतो. तोच जुळवायचा, नुसतं "त्याच मॉडेलचं आहे" यावर जाऊ नये. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत क्रँक सेन्सरच्या चाकाचे दाते, नॉक सेन्सरची जात किंवा ईजीआरचं (जळलेला वायू परत इंजिनात फिरवणाऱ्या व्यवस्थेचं) भोक बदललेलं असतं, आणि ते इंजिन गाडीत बसल्यावर कळतं. जिथे इंजिन क्रमांक नोंदणीत असतो तिथे कागदपत्रांची चौकशीही खरेदीआधीच करावी.

आलेलं इंजिन जमिनीवर असतानाच तपासायचं. सगळे स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, अडखळला नाही. मग प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून ७ बार हवेने लीक-डाउन चाचणी (भरलेली हवा किती टक्के गळते ते मोजणारी) घेतली. पाच सिलिंडर ८ ते ११ टक्क्यांत आले, एक १४ टक्क्यांवर. थंड इंजिनासाठी हे चालण्यासारखं आहे. गळती वीस टक्क्यांच्या पुढे गेली, किंवा हवा इनटेक अथवा एक्झॉस्टमधून फुसफुसताना स्पष्ट ऐकू आली, तर ते इंजिन परत करावं. टॅपेट कव्हर काढून आत पाहिलं तर फिकट तपकिरी रंग, काळा चिखल नाही. ऑइल चेंबरही काढलं. तळाशी चमक नव्हती. कॉन रॉडच्या टोप्या मात्र उघडल्या नाहीत. त्यांचे बोल्ट पुष्कळ इंजिनांत एकदाच ताणून बसवायचे असतात, कुतूहलापोटी ते सोडवले की नवे घ्यावे लागतात.

इंजिन बाहेर असताना जे बदलायला तास लागतो, त्याला गाडीत दिवस लागतो. म्हणून टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्रँक आणि कॅमची पुढची सीलं, टॅपेट कव्हरची पॅकिंगं, इनटेकची पॅकिंगं आणि सहा प्लग असा पूर्ण संच नवा टाकला. इनटेकच्या खाली दडलेले नॉक सेन्सर आणि कूलंटच्या आडव्या नळीचे ओ-रिंगही बदलले. बेल्ट बसवल्यावर टेन्शनरची पिन काढून क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा आणि तिन्ही खुणा पुन्हा पाहायच्या. एक दाता जरी चुकलेला असला तरी इथेच सापडतो. टायमिंग बेल्टची बरीच इंजिनं अशी असतात की बेल्ट चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात, तेव्हा इथे सेल्फ मारून "बघू" म्हणण्याला जागा नाही.

क्रँकचं मागचं सील मात्र इंजिन स्टँडवर बदलता येत नाही, कारण स्टँड त्याच तोंडाला बोल्टने लागतो. ते इंजिन क्रेनला टांगलेलं असताना, जोडणीच्या आधी करायचं. हा क्रम लक्षात न ठेवल्याने पुष्कळदा ते राहून जातं आणि महिन्याभरात बेल हाउसिंगमधून ऑइल ठिबकू लागतं.

वरून काढायचं की खालून

मिनीव्हॅनचं बॉनेट आखूड, आणि काचेखालचा वायपरचा पत्रा इंजिनाच्या मागच्या रांगेवर आलेला. वरून काढायचं म्हटलं तर गिअरबॉक्स आधी वेगळा करावा लागतो, इंजिन तिरपं करून फिरवावं लागतं आणि मागचं हेड, ब्रेकच्या नळ्या, एसीच्या नळ्या यांच्यात बोटभर जागा उरते. कारखान्यातही अशा गाड्यांचं इंजिन सबफ्रेमसकट (इंजिन पेलणाऱ्या खालच्या चौकटीसकट) खालून चढवतात. घरी तोच मार्ग उलटा धरावा: इंजिन, गिअरबॉक्स आणि सबफ्रेम एकत्र खाली टेकवायचं आणि बॉडी वर उचलायची. वजन साडेतीनशे किलोच्या घरात जातं, पण ते हवेत फार वेळ राहत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हाच मोठा फायदा.

लागणारं जड सामान असं: दोन टनी इंजिन क्रेन, लोड लेव्हलर (टांगलेल्या इंजिनाचा तोल साधणारा), सहा टनी उंच जॅक स्टँड, ट्रॉली जॅक, आणि जाड प्लायची, चार पक्क्या चाकांची सपाट ट्रॉली. क्रेनच्या बाबतीत एक गोष्ट मनावर घ्यावी. दोन टन ही क्षमता हात पूर्ण आत असतानाची. हात पूर्ण लांबवला की तीच क्रेन साधारण अर्ध्या टनाची उरते, आणि मिनीव्हॅनच्या नाकापर्यंत पोचायला हात लांबवावाच लागतो. जमीन काँक्रीटची आणि सपाट हवी. डांबरात स्टँडचे पाय रुततात.

सोडवण्याचं काम

आधीच्या संध्याकाळी सायलेन्सरच्या पुढच्या पाइपचे नट आणि सबफ्रेमचे चारही मोठे बोल्ट गंज सोडवणाऱ्या तेलाने भिजवून ठेवले. दुसऱ्या दिवशी बॅटरीची ऋण वायर, मग धन. एअरबॅगसाठी तीन मिनिटं थांबणं. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, टाकीचं झाकण उघडून, रेलच्या जोडावर जाड फडकं धरून दाब सोडला. नेहमीच्या पद्धतीत फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवतात, पण या इंजिनाला तो एक मिनिटही द्यायचा नव्हता.

स्टिअरिंगचं काम छोटं आणि नुकसानाला मोठं. चाकं सरळ, चावी काढून लॉक, शिवाय स्टिअरिंग व्हील सीट बेल्टने बांधून ठेवलं, आणि मगच खालच्या शाफ्टच्या जोडावर रंगाची खूण करून तो सोडवला. शाफ्ट सुटलेला असताना कुणी व्हील फिरवलं तर आतली एअरबॅगची गुंडाळलेली पट्टी तुटते, आणि ते पहिल्या पूर्ण वळणावर लक्षात येतं.

एसीचा गॅस सोडायची गरज नाही. कॉम्प्रेसर इंजिनापासून सोडवून, नळ्या लागलेल्या अवस्थेतच, जाड तारेने बॉडीला टांगला. वजन तारेवर हवं, नळीवर नव्हे. पॉवर स्टिअरिंगचा पंप इंजिनावर आणि रॅक सबफ्रेमवर, म्हणजे दोन्ही एकत्रच खाली येतात. फक्त टाकी सुटी करून इंजिनाला बांधली.

एक्सल हबच्या बाजूने काढले. एक्सल नट, बॉल जॉइंट, टाय रॉडचं टोक आणि स्टॅबिलायझरची लिंक सुटली की नकल (चाकाचा हब धरणारा भाग) बाजूला ओढून एक्सलचं बाहेरचं टोक निघतं. आतलं टोक गिअरबॉक्समध्येच राहू दिलं, त्यामुळे गिअर ऑइल सांडलं नाही आणि सीलं शाबूत राहिली. एक्सल लोंबकळू न देता सबफ्रेमला तारेने बांधायचे, आणि शाफ्ट धरून ओढायचं नाही, नाहीतर आतला जॉइंट रबरी बुटाच्या आतच सुटतो. ब्रेक कॅलिपर, एबीएसच्या वायरी सगळं नकलबरोबर शॉकला लटकत राहिलं. तिथे हात लावावा लागला नाही.

कूलंट काढताना मिनीव्हॅनमध्ये एक जोड जास्त असतो. मागच्या सीटांसाठी दुसरा हीटर असतो आणि त्याच्या लांब नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. इंजिनाजवळचे त्यांचे होज सोडवताना पिळले तर गंजलेली धातूची नळी मोडते. होज कापून नवा टाकणं त्यापेक्षा स्वस्त.

वायरिंगच्या बाबतीत दोन मतं आहेत. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बॉडीत ठेवून प्रत्येक सेन्सर सोडवायचा, किंवा हार्नेस इंजिनावर ठेवून ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) बाजूने सोडवायचा. दुसरी पद्धत बरी. पंचवीस-तीस कनेक्टरऐवजी चार-पाच मोठे सुटतात, आणि वायपरच्या पत्र्याखालच्या अंधारात हात घालायला लागत नाही. सेन्सरचे कनेक्टर नंतर जमिनीवर, उजेडात बदलता येतात. कोणत्याही पद्धतीत आधी फोटो, मग कागदी टेपवर नाव, मग सोडवणं. बोल्ट जागेप्रमाणे पिशव्यांत. इनटेकचा वरचा प्लास्टिकचा भाग आणि पुढचा बंपर काढून टाकला, त्यामुळे बॉडी तेवढी कमी उचलावी लागली.

उतरवणं

सबफ्रेम बॉडीला जिथे टेकते तिथे चारही ठिकाणी रंगाने बाह्यरेषा काढली. क्रेनची साखळी इंजिनाच्या मूळ हुकांना लावली. हुक नसतील तिथे १०.९ दर्जाचा बोल्ट वापरावा आणि तो व्यासाच्या दीडपट तरी आट्यात शिरलेला असावा. क्रेनने वजन घेतल्यावर वरचं फाउंडेशन (इंजिन धरून ठेवणारं रबरी माउंटिंग), मग सबफ्रेमचे बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून. दर दहा सेंटिमीटरला थांबून एक फेरी मारून पाहायचं की काही अडकलं, ताणलं गेलं तर नाही ना. या गाडीत गिअर शिफ्टची केबल एका क्लिपमध्ये राहिली होती. ताण दिसताच थांबल्याने ती वाचली.

सगळा संच ट्रॉलीवर टेकला की साखळी इंजिनावरून काढून बॉडीच्या पुढच्या दोन लांब दांड्यांना, म्हणजे बंपरची तुळई जिथे बोल्टने लागते तिथे, लावली. रेडिएटरचा पातळ पत्र्याचा आधार धरून कधीही उचलू नये. मागच्या चाकांना उटी (सरकू नयेत म्हणून पाचर), क्रेनची चाकं मोकळी. नाक वर जाताना बॉडी कमानीत सरकते आणि क्रेनने तिच्याबरोबर सरकायला हवं. ८० सेंटिमीटरच्या आसपास मोकळी उंची झाल्यावर ट्रॉली दोरीने बाहेर ओढली. त्या वेळी बॉडीखाली कुणाचाही हात किंवा पाय नव्हता, आणि ट्रॉली निघताच बॉडी स्टँडवर परत बसवली. क्रेनवर टांगलेली गाडी रात्रभर तशीच ठेवू नये. हायड्रॉलिक सील हळूहळू दाब सोडतं.

जुनं इंजिन आधी उघडा

पुष्कळ लोक जुनं इंजिन तसंच देऊन टाकतात. नवं बसवण्याआधी ते उघडणं या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा तास आहे. जुनं का गेलं हे कळल्याशिवाय त्याचे कोणते भाग नव्यावर चढवायचे हे ठरवता येत नाही.

चेंबर काढल्यावर मागच्या रांगेतल्या मधल्या कॉन रॉडचं बेअरिंग फिरलेलं, दोन्ही पाळ्या एकावर एक सरकलेल्या, जर्नल निळसर. हेड काढून पिस्टन बाहेर काढले तर ऑइल रिंगांच्या खाचा कार्बनने भरून दगड झालेल्या. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधले वायू बाहेर सोडणारा) हलवून पाहिला तर खुळखुळला नाही, चिकटून बंद. मग साखळी जुळली. पीसीव्ही बंद, म्हणून क्रँककेसमधला दाब वाढला. ऑइल तापून रिंगांत जमलं. रिंगा अडकल्या, ऑइल जळू लागलं. पातळी पट्टीच्या खाली गेली. वळणावर ऑइल एका बाजूला गेलं आणि पंपाच्या तोंडात हवा शिरली. बेअरिंग हे शेवटचं बळी.

यातून तीन निर्णय निघाले. पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि त्याचा होज नवा. फिल्टरच्या बुडाशी असलेला, कूलंटने थंड होणारा ऑइल कूलर नवा. तो धुऊन वापरायचा नाही. त्याच्या आतल्या अरुंद पाकळ्यांत अडकलेली चुरी कितीही द्रावण ओतलं तरी पूर्ण निघत नाही, आणि नंतर गरम ऑइलबरोबर थेट नव्या बेअरिंगमध्ये जाते. दुसरं इंजिन काही हजार किलोमीटरमध्ये पुन्हा ठोकू लागण्यामागे पुष्कळदा हा एकच जुना भाग असतो. तिसरा निर्णय कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. ऑक्सिजन सेन्सरच्या भोकातून कॅमेरा घालून पाहिलं तर पुढचा ठीक, मागच्याच्या जाळीवर राखेचा करडा थर. ऑइल मागची रांगच जास्त पीत होती, त्यामुळे हे अपेक्षितच. तो बदलला.

इनटेकच्या आत ऑइलचा थर होता, तो धुऊन काढला. नोझल जुनेच, ओ-रिंग नवे. ईसीयू गाडीचाच ठेवला, कारण चावीची ओळख त्याच्यातच असते.

दोन तोंडांमधलं अंतर

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करताना आधी खालच्या झाकणातून टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट काढायचे. क्रँक पुलीने इंजिन थोडं थोडं फिरवलं की एकेक बोल्ट समोर येतो. सगळे निघाल्यावर कन्व्हर्टर मागे ढकलून गिअरबॉक्सकडेच ठेवायचा आणि बेल हाउसिंगच्या तोंडावर आडवी पट्टी बोल्टने बांधायची, म्हणजे तो पुढे घसरत नाही. इथे तो बाहेर काढून पुढच्या पंपाचं सील बदललं, कारण पुन्हा तिथे पोचायचं तर हेच सगळं काम परत.

परत बसवताना मात्र घाई नडते. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये कन्व्हर्टरला तीन ठिकाणी जुळावं लागतं: इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन, स्टेटरच्या स्प्लाइन, आणि शेवटी पंपाचे दाते कन्व्हर्टरच्या नळीच्या खाचांत. पहिल्या दोन सहज बसतात आणि कन्व्हर्टर आत गेल्यासारखा वाटतो. तिसरी राहिली तर तो दीड-दोन सेंटिमीटर बाहेरच असतो. हाताने आत दाबत सावकाश फिरवायचं. प्रत्येक टप्प्याला तो एकदम आत पडल्याचा ठसठशीत धक्का हाताला लागतो. मग बेल हाउसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या जागेपर्यंतची खोली मोजायची, आणि इंजिनाच्या तोंडापासून फ्लेक्सप्लेट किती पुढे आली तेही मोजायचं. खोली जास्त हवी, साधारण ३ मिलिमीटरने. नेमका आकडा त्या गिअरबॉक्सच्या पुस्तकात दिलेला असतो.

जोडताना इंजिन आणि गिअरबॉक्सची तोंडं नुसत्या हाताच्या जोराने मिळाली पाहिजेत. फट राहिली तर बोल्ट आवळून ती मिटवायचा मोह होतो. तसं केलं की पंपाचे दाते मोडतात किंवा फ्लेक्सप्लेट वाकते, आणि सुरू होताच गिअरबॉक्समधून करकर येते. फट दिसली की वेगळं करून कन्व्हर्टर पुन्हा बसवायचा, दुसरा उपाय नाही. तोंडं मिळाल्यावर, बेल हाउसिंगचे बोल्ट घट्ट करण्याआधी, कन्व्हर्टर बोटाने मोकळा फिरतो ना हे झाकणातून पाहायचं. मगच तो पुढे ओढून फ्लेक्सप्लेटला लावायचा; सगळे बोल्ट हाताने सुरू करून, नंतर पुस्तकातल्या टॉर्कला.

आणखी दोन बारकावे. दुसऱ्या इंजिनाच्या तोंडावर दोन पोकळ डॉवेल (जागा धरणाऱ्या खुंट्या) आहेत का ते पाहायचं; या इंजिनावर एक नव्हता, तो जुन्यावरून काढून बसवला. डॉवेलशिवाय गिअरबॉक्स मध्याला बसत नाही आणि पंपाचं सील लवकर जातं. दुसरं, क्रँक सेन्सरची वायर दोन तोंडांमध्ये चिरडण्याची जागा इथेच आहे. बोल्ट ओढण्याआधी भोवती पूर्ण बोट फिरवून घ्यावं.

परत चढवणं

क्रम उलटा. सबफ्रेम रंगाच्या रेषांवर आणून चारही बोल्ट हाताने काही आटे धरल्यावरच आवळायचे. फाउंडेशनचे बोल्ट आधी सगळे ढिले ठेवून इंजिन पुढे-मागे हलवलं, ते आपल्या जागी बसलं, मग आवळले. एकेक करून घट्ट केले तर रबर पिळलेलं राहतं आणि आयडलला स्टिअरिंग थरथरतं. एक्सल नट, सायलेन्सरच्या पाइपची पॅकिंगं नवी. चाकं लावून गाडी जमिनीवर घेण्याआधी एक्सल हबमध्ये बसलेला आणि नट आवळलेला हवा, नाहीतर हबच्या बेअरिंगवर भार चुकीचा पडतो.

अर्थिंगच्या पट्ट्या मोजून लावाव्यात. ब्लॉकपासून बॉडीची जाड पट्टी राहिली तर सेल्फचा करंट वाट शोधत गिअर किंवा थ्रॉटलच्या केबलमधून जातो आणि केबल जळते. ऑक्सिजन सेन्सरचे पुढच्या आणि मागच्या रांगेचे कनेक्टर पुष्कळदा एकसारखे असतात. अदलाबदल झाली की ईसीयू एका रांगेला पेट्रोल वाढवत आणि दुसरीला कमी करत जातो, दोन्ही उलट दिशांना.

पहिलं सुरू करणं

ऑइल भरलं, फिल्टर भरून लावला, गेज स्विचच्या जागी कायम. फ्युएल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढून, प्लगही बाहेर ठेवून, दहा-दहा सेकंद सेल्फ मारला, मध्ये थांबत. गेजची सुई हलली आणि दाब टिकला, मगच प्लग आणि कॉइल लावले. फ्यूज घालून चावी तीनदा ऑन-ऑफ करून रेल भरली आणि जोडांवर कोरडा कागद फिरवून गळती पाहिली.

सुरू झाल्यावर आयडलला ३ बारच्या वर, तापल्यावर १.१ बार. कूलंटमधली हवा काढायला मिनीव्हॅनमध्ये वेळ लागतोच. नाक थोडं वर, पुढचा आणि मागचा दोन्ही हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, आणि फॅन दोनदा फिरेपर्यंत थांबायचं. पुढचा हीटर गरम आणि मागचा थंड वारा देत असेल तर हवा अजून पोटाखालच्या नळीत आहे. अशा वेळी तापमानाचा काटा नीट दिसतो, पण हेडमध्ये वाफेचा कप्पा राहिलेला असू शकतो; तो निघेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये. गिअर ऑइलची पातळी पुस्तकातल्या तापमानाला तपासून भर घातली, पाऊण लिटर लागलं.

मग स्कॅनर. आयडल पुन्हा शिकवलं; ईसीयूने मागितलं तिथे क्रँक सेन्सरचं रीलर्नही. फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेली दुरुस्ती) दोन्ही रांगांत उणे ३ ते अधिक ४ टक्क्यांत. ऑक्सिजन सेन्सरच्या जागी दाबाचा गेज लावून २,५०० आरपीएमला सायलेन्सरचा उलट दाब पाहिला, ०.१ बारच्या आत, ०.२ च्या वर गेला असता तर पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही उतरवावा लागला असता.

सबफ्रेम हलली म्हणून व्हील अलाइनमेंट लगेच. ऑइल आणि फिल्टर ८०० किलोमीटरवर बदलून फिल्टर पुन्हा कापला: घड्यांत धातू नाही, चेंबर उघडलं होतं त्या पॅकिंगच्या गोंदाचे दोन तुकडे तेवढे. फाउंडेशन आणि सबफ्रेमचे बोल्ट तेव्हाच टॉर्क पान्याने पुन्हा तपासले. त्यानंतर पुढच्या १,५०० किलोमीटरमध्ये दर टाकीभरणीला ऑइलची पट्टी पाहिली. पातळी तीन मिलिमीटरने खाली आली.